असं जायाचं, मग असं!

सगळी चूक हंबीररावांची. हंबीरराव म्हंजे आमचे आबा, माझे थोरले चुलते. नाव घेऊनच सांगतो, कारण आमच्या घरात एक पद्धत हाय. वडीलधाऱ्यांची चूक झाली की ती नशिबाची असतीया, आणि बाकी सगळ्या चुका राजवीरच्या! राजवीर म्हंजे मीच. दूध नासलं, राजवीर. पाण्याची मोटर जळली, राजवीर. टीव्हीचा रिमोट आबांच्याच बुडाखाली सापडला तरी राजवीर, का तर "तू आठवण करून द्यायला पायजे हुतंस!" म्हणून आज तुमच्यासमोर, भर सभेत, एकदा सांगूनच टाकतो... चूक हंबीररावांची. बाकीचं ऐकायचं असलं तर ऐका, न्हाय तर उठून जावा, पण जाताना मला रस्ता इचारू नका!

कारण तुम्हाला सांगतो, आमच्या कोल्हापुरात रस्ता तोंडानं सांगत न्हाईत. हातानं सांगत्यात. तोंड नुसतं सोबतीला असतंय. "असं जायाचं, मग असं!" झालं, संपला रस्ता. हात वळतोय, मनगट मुरगळतंय, बोटं डोंगर चढून पलीकडं उतरत्यात, आणि तोंड काय म्हणतंय? "सरळ जावा की, हितंच हाय!" म्हंजे ज्यानं हात बघितला तो पोचला, आणि ज्यानं नुसतं ऐकलं त्यो गेला बाराच्या भावात. हे मला आधी कुणी सांगितलं न्हाय. सांगणार कसं? हातानंच सांगितलं असणार, आणि मी बघितलं नसणार!

तर मी राजवीर, मंगळवार पेठ. शिक्षण... सोडलेलं. डिप्लोमा, मेकॅनिकल. सोडलं म्हंजे काय, मास्तर म्हणले, "गेट आऊट, बाहेर जा!" मी गेलो. त्यांना वाटलं वर्गाच्या बाहेर, मी गेलो कॉलेजच्या बाहेर. आता बाहेर म्हंजे कुठपर्यंत बाहेर, हे त्यांनी नीट सांगायला नको? तवापासनं घरात एकच पाठ. "सरळ शिकायचं सोडलं." "सरळ नोकरी धरली असतीस तर." "सरळ वाग." सरळ, सरळ, सरळ! आणि हे सांगणारं कोण? आबा! सरकारी हाफिसात आयुष्यभर एक फाईल ह्या टेबलावरनं त्या टेबलावर नेली, तीबी सरळ न्हाय, पार कॅन्टीनवरनं फिरवून! आता रिटायर होऊन दारातल्या कट्ट्यावर बसत्यात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्ता सांगत्यात. कुणी इचारलं तर सांगत्यात, न्हाय इचारलं तर थांबवून सांगत्यात. "कुठं निघालासा पावणं? आरं तिकडनं कशाला? असं जायाचं, मग असं!"

बरं, आता गाळा. गाळ्याचं सांगितल्याशिवाय तुम्हाला माझं दुखणं कळायचं न्हाय. मी काम करतोय अल्ताफच्या गॅरेजात. अल्ताफ माझा शाळेपासनंचा दोस्त, गॅरेज त्याच्या वडलांचं, अल्लाउद्दीन चाचांचं. चाचा सोन्यासारखा माणूस, पण गॅरेज म्हंजे बोळ हाय हो! गाड्या आत घेतल्या की माणूस बाहेर, आणि बाहेरचा माणूस बहुतेक मीच. उन्हात उभा राहून लोकांच्या गाड्यांची प्लगं साफ करायची आणि येणारा-जाणारा म्हणतोय, "काय राजवीर, कॉलेज सुटलं का?" व्हय, सुटलं! एकदाचं सुटलं! त्यामुळं डोक्यात एकच किडा. सवताचं गॅरेज. माझी पाटी, माझं शटर, माझा पाना.

आणि कळंब्याच्या रस्त्याला गाळा रिकामा झाला. कसला गाळा! पुढं गाड्या लावायला जागा, शेजारी चहाची टपरी, आणि नजर जाईल तिथपर्यंत दुसरा मेकॅनिक न्हाय. विषय हार्ड! आणि गाळा कुणाचा? तर बाळासोंचा. आमच्या आत्याचे दीर. म्हंजे घरचाच माणूस की! बायको वारल्यापासनं शहरात मन लागंना म्हणून हे एकटेच कळंब्याच्या पलीकडं डोंगरात मळ्यावर राहत्यात. त्यांनी आबांजवळ निरोप धाडला, "पोरग्याला रविवारी मळ्यात धाडा, जेवणाच्या आधी. तोंड बघतो आणि शब्द देतो. दुसराबी एकजण येणार हाय. जो आधी यील त्याचा गाळा." जो आधी यील त्याचा! आयला, गाळा हाय का बैलगाडीची शर्यत? पण म्हणलं ठीक हाय. शर्यत तर शर्यत. माझ्या बुडाखाली चाचांनी भंगारातनं काढून दिलेली जुनी टू-स्ट्रोक गाडी, इंजिन मी सवताच्या हातानं बांधलेलं. माझ्याआधी कोण पोचतंय?

रविवार उजाडला. काकी, म्हंजे आबांची झुंबरबाई, पहाटेपासनं चुलीपुढं. का, तर बाळासोंचा जीव तिच्या हातच्या पांढऱ्या रश्श्यावर. "मोकळ्या हातानं गाळा मागायला जायाचं न्हाय," म्हणली, आणि दुधाची किटली पुढ्यात ठेवली. गळ्यापर्यंत पांढरा रस्सा. झाकण ढिलं, म्हणून वर फडकं आवळलेलं. "हळू ने. सांडलास तर घरात पाऊल टाकू नको." आता बघा, एका बाजूला 'आधी पोच' आणि दुसऱ्या बाजूला 'हळू ने'. हे आमचं घर! दोन्ही हुकूम, दोन्ही वडीलधाऱ्यांचे, आणि दोन्ही एकाच गाडीवर!

किटली हँडलला अडकवली आणि इचारलं, "आबा, मळा नेमका कुठं हाय?" आबा न्हाणीत. दार बंद. आतनं आवाज आला, "आरं सोपं हाय! कळंब्याच्या जेलपासनं फुडं जायाचं..." बदाबदा पाणी. "मग चिंच लागंल. मोठी चिंच. चिंचंपासनं असं जायाचं." मी म्हणलं, "असं म्हंजे कसं?" "आरं, असं!" बदाबदा. "मग जरा वर चढून असं. मग परत असं. जोतिबाचा डोंगर उजव्या खांद्यावर ठेवायचा, सोडायचा न्हाय. सरळ! हितंच हाय!"

आता तुम्हीच सांगा. बंद दाराच्या पलीकडं, उघड्या अंगानं, एका हातात तांब्या घेऊन माणूस दुसऱ्या हातानं रस्ता दाखवतोय... कुणाला? साबणाला? भिंतीवरच्या पालीला? त्या पालीला बाळासोंच्या मळ्याचा रस्ता आज तोंडपाठ असंल, पण मला न्हाय! मी म्हणलं, "आबा, जरा दार उघडून सांगा की." तर आतनं, "लाज हाय का तुला? निघ! दुसरा जाऊन बसंल तिथं!"

मोबाईलवर बघावं तर मळ्याला नाव न्हाय. काकीला गाव इचारलं तर म्हणतीया, "वाडी." नुसतं वाडी! कोल्हापुरात मोबाईलला वाडी म्हणलं की तो उचलून थेट नरसोबाच्या वाडीला नेतोय, दत्ताच्या पायाशी, पार उलट्या दिशेला! म्हणलं ऱ्हाऊ दे. तोंड हाय, इचारत जाऊ. असं जायाचं, मग असं. निघालो.

कळंबा आला. जेल आलं. जेलची भिंत एकदम सरळ हाय. त्या दिवशी बघितलेली तेवढीच एक सरळ गोष्ट.

पुढं गेलो, चिंच हुडकतोय. बाभळ दिसली, आंबा दिसला, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या सगळ्यांचे बोर्ड दिसले, चिंच काय दिसंना. तंवर समोरनं एक मावशी आली, डोक्यावर वैरणीचा हा एवढा भारा, एका हातानं भारा धरलेला, दुसऱ्या हातात विळा. गाडी थांबवली. "मावशी, मोठी चिंच कुठं हाय?"

"कंची चिंच?"

"आबा म्हणले मोठी चिंच लागंल, तिथनं वळायचं."

"आगं बया, ती व्हय! ती रस्ता मोठा केला तवाच तोडली. तिच्या बुडातच हुबा हाईस की तू!"

खाली बघितलं. डांबर. म्हंजे बघा, चिंच गेली, तिची सावली गेली, पोरांनी दगड मारायच्या चिंचा गेल्या, पण आबांच्या रस्त्यात ती हाय तशी हाय! ह्या म्हाताऱ्यांच्या डोक्यातलं कोल्हापूर एकदा तरी कुणीतरी धुऊन पुसून नवं करायला पायजे!

"बरं मावशी, मग चिंचंपासनं बाळासोंच्या मळ्याकडं कसं?"

तिनं हनुवटी उचलली. "असं जायाचं."

हनुवटी! दोन्ही हात गुंतलेलं, मान हलवली तर भारा खाली, मग काय, हनुवटी. वर गेली, जराशी कलली, परत खाली आली. आता हनुवटीला डावं-उजवं असतंय का? मी म्हणलं, "मावशी, डावीकडं का उजवीकडं?" तर म्हणली, "हातात इळा हाय, न्हाय तर दाखवलं नसतं व्हय? सरळ जा की! आणि म्होरं कुणी इचारलं तर अंबूबाईनं सांगितलं म्हण." कुणाला म्हणू? आणि काय म्हणू? अंबूबाईच्या हनुवटीनं पाठवलंय म्हणून?

गेलो सरळ. सरळ म्हंजे रस्ता जाईल तसा. पुढं आला फाटा. एक उजवीकडं, एक डावीकडं, आणि मधोमध एकजण म्हस धरून उभा. त्याचं नाव ज्ञानू, हे मला लई नंतर कळलं, पण सांगायला बरं पडतंय म्हणून आत्ताच सांगतो. म्हस तगडी. ज्ञानूच्या उजव्या हाताला दाव्याचा वेढा घेतलेला. मी म्हणलं, "पावणं, बाळासोंचा मळा?"

"बाळासोंचा व्हय? जवळ आलासा की! हितनं असं..."

आणि म्हशीनं हिसडा दिला!

तुम्हाला सांगतो, त्याचा हात निघाला हुता उजवीकडं. म्हशीनं नेला डावीकडं. जोरात! आता बसल्या जागी मला ते स्वच्छ दिसतंय. तवा वाटलं, काय माणूस हाय, किती जीव तोडून रस्ता दाखवतोय! म्हणलं, "लई उपकार झाले," आणि टाकली गाडी डावीकडं. मागनं ज्ञानू दोन्ही हात हलवून वरडत हुता. मी पण हात केला. मला वाटलं, माणूस मोठ्या मनाचा हाय.

आणि मग... हितं जरा थांबतो हं. पाणी पितो. कारण हितनं पुढचं चिडून सांगताच येत न्हाय, आणि तेच तर माझं खरं दुखणं हाय!

रस्ता असा वळला... बघा, मीबी 'असा' म्हणायला लागलो! असा वळला, की एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल खाली उसाचं हिरवंगार, आणि मधे काळं कुळकुळीत नवंकोरं डांबर. कुणी केलं, कुणासाठी केलं, देव जाणे, समोरनं एक माणूस येत न्हाय! पहिलं वळण उजवं, गाडी आपसूक कलली. ती उभी राहतीया न राहतीया तंवर डावं. मग चढ, मग पार मागं फिरून आपलंच मागचं चाक दिसंल असलं वळण, मग उतार, उताराच्या पोटात ओढा, ओढ्यावर लहानसा पूल, पुलावरनं परत उजवं... आणि टू-स्ट्रोकचा आवाज डोंगरावर आपटून परत माझ्याच कानात! आमच्या पेठेतली पोरं असल्या वळणांसाठी पार आंबोलीपर्यंत जात्यात हो. सुट्टी काढत्यात, आईला खोटं सांगत्यात, गुडघे फोडून येत्यात. आणि हे हितं! जेलच्या पाठीमागं! वळणावरनं खाली बघावं तर कोल्हापूर तिथंच पसरलेलं, आपल्याच घरच्या वाळवणासारखं!

आणि किटली! प्रत्येक वळणाला डुबुक! उजवं वळण, डुबुक. डावं वळण, डुबुक. फडकं भिजलं, मग पॅन्ट भिजली, मग बूट. वळण चांगलं घेतलं की रस्सा सांडतोय, आणि रस्सा जपला की वळण वाया जातंय! माणसानं करायचं काय? मी ठरवलं हुतं हळू जायाचं. देवाशप्पथ ठरवलं हुतं. प्रत्येक वळणाच्या आधी ठरवलं!

आणि जोतिबाचा डोंगर? उजव्या खांद्यावर ठेवायचा म्हणले हुते. ठेवला की! पुढच्या वळणाला तो डाव्या खांद्यावर. त्याच्या पुढच्याला नाकासमोर. मग आरशात! मी ठेवतोय, पण डोंगर राहायला तयार पायजे का नको? माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'सरळ' म्हणत नव्हतं, आणि मला सांगायला लाज वाटतीया, पण मी एकटाच वरडत हुतो. मोठमोठ्यानं. काय वरडत हुतो ते हितं बायामाणसं बसल्यात म्हणून सांगत न्हाय.

मग खिंडीत एक कुत्रं आडवं आलं. गाडी थांबवली, तर ते आलं आणि माझा बूट चाटायला लागलं. मटणाचा रस्सा न्हवं का तो! त्या कुत्र्याकडं बघितलं, आणि टाळकं ठिकाणावर आलं. गाळा! ऊन डोक्यावर आलंय, माणूस जेवायला बसंल, आणि मी हितं कुत्र्याला बूट चाटवतोय!

आबांना फोन लावला. "आबा, मी हुकलोय."

"कुठं हाईस?"

"ते कळत असतं तर हुकलो असतो का?"

"आजूबाजूला काय हाय?"

"डोंगर."

"कंचा डोंगर?"

"आबा, डोंगराला पाटी नसतीया!"

"चिडतोस कशाला? सोपं हाय. तिथनं आता असं ये..."

"आबा! तुमचा हात मला दिसत न्हाय!"

"माझ्या हाताला काय झालंय?"

डोकं फोडून घ्यावं वाटलं! म्हणलं, "आबा, एक करा, मळ्याचं लोकेशन धाडा." "धाडतो की! शिकलोय मी ते." आणि खरंच, टुंग! आलं! मला इतका आनंद झाला, मी नीट बघितलंच न्हाय. माझ्या फोनची काच फुटलेली, वर ऊन, काय दिसतंय? कानात वायर घातली, फोन खिशात, आणि ती बाई बोलायला लागली. "पुढे डावीकडे वळा." आहाहा! डावीकडं म्हणली म्हंजे डावीकडं! हनुवटी न्हाय, म्हस न्हाय, न्हाणी न्हाय! आणि तिनं पण मला कुठनं काढलं म्हणता? वळणावळणानंच! दुसराच रस्ता, पहिल्याचा धाकटा भाऊ. डुबुक, डुबुक, डुबुक...

मग पाणी दिसलं. मोठ्ठं. म्हणलं, बाळासोंनी शेततळं लई दांडगं मारलंय! जवळ गेलो तर काठावर माणसं फिरायला आल्याली, भेळेची गाडी... कळंब्याचा तलाव! म्हणलं, असंल, ह्या बाईला कायतरी आतली वाट माहीत असंल. शिकलेली बाई हाय. जेल आलं. म्हणलं, असंल. शहर आलं. म्हणलं... अजून असंल! माणूस आशेवर किती लांब जातोय बघा! मंगळवार पेठ आली. आमची गल्ली आली. आणि कानात ती म्हणली, "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात."

समोर कट्टा. कट्ट्यावर आबा. डोक्याला तेल, अंगात धुतलेला सदरा.

"आलास? लौकर आलास की! घावला का मळा?"

गाडी स्टँडला लावली. फोन त्यांच्या नाकापुढं धरला. "आबा, हे मळ्याचं लोकेशन हाय?"

"मीच धाडलंय की."

"हे ह्या कट्ट्याचं हाय! तुम्ही बसलाय त्या जागेचं!"

आबांनी चष्मा कपाळावर घेतला, नीट बघितलं, आणि काय म्हणावं? "मग चुकीचं काय हाय त्यात? कट्टा हितंच हाय की!"

थांबा, थांबा, हसू नका, अजून संपलं न्हाय! मी किटली खाली ठेवतोय तंवर आबा म्हणले, "बरं झालं आठवलं. मगाशी तू गेल्यावर एक पावणा आलता गाडीवरनं. अमरसिंह का काय नाव. चांगला पोरगा, सरळ. बाळासोंचा मळा इचारत हुता."

"...आणि?"

"आणि काय? सांगितला की. सोपं हाय, असं जायाचं, मग असं!"

आणि आबांनी हात करून दाखवला.

तुम्हाला सांगतो, तो हात मी पहिल्यांदा बघितला. काय हात हुता! तळवा आडवा केला, ती जेलची भिंत. अंगठा उभा केला, ती चिंच, हुती तिथंच. मनगट उजवीकडं लवलं, तो ज्ञानूचा फाटा. बोटं हळूच चढली, जरा टेकली, करंगळीनं ओढा ओलांडला आणि मळ्याच्या दारात जाऊन हात थांबला. अख्खा रस्ता हवेत काढून ठेवलेला! आंधळा पोचला असता हो त्या हातावर! आणि माझ्या वाटणीला काय आलं? बदाबदा!

"पोचला का तो?"

"न पोचायला काय झालं? आत्ताच फोन आलता बाळासोंचा. पोरगा पसंत हाय म्हणले. शब्द दिला, जेवायला बसवलाय." मग जरा इचार केला आणि म्हणले, "तोच व्हय तो दुसरा?"

तोच व्हय तो दुसरा! माझ्या गाळ्याच्या मारेकऱ्याला आमच्याच कट्ट्यावरनं, आमच्याच माणसानं, हात धरून नेल्यासारखं पोचवलं!

काकी बाहेर आली. किटलीचं फडकं सोडलं, आत डोकावली, माझ्या पॅन्टीकडं बघितलं. "कुठं सांडलास?"

"डोंगरात."

"डोंगराला निवद दाखवायला दिला हुता व्हय मी?"

आणि आबा? तळाला उरलेला रस्सा वाटीत घेतला, कट्ट्यावर बसून भुरका मारला आणि म्हणले, "झकास झालाय. बाळासोंचं नशीब न्हाय." नशीब! बघितलंसा? सुरुवातीलाच म्हणलं हुतं का न्हाय तुम्हाला?

आता तुम्ही म्हणाल, जाऊ दे राजवीर, गाळा गेला, पण रस्ता तरी घावला. मीबी तेच म्हणलं! दुसऱ्याच दिवशी अल्ताफला सांगितलं, "भावा, असला रस्ता बघितलाय, आंबोली विसरशील. घराच्या पाठीमागं!" अल्ताफ पाना खाली ठेवून म्हणला, "कुठं?" मी म्हणलं, "अरं सोपं हाय, जेलच्या फुडं चिंच हुती न्हवं, तिथनं असं..." आणि मला माझाच हात दिसला. हवेत. वळलेला. आबांचाच हात! असा घाम फुटला म्हणून सांगू!

गेलो दोघं पुढच्या रविवारी. तोच वाटला त्या फाट्यावर डावीकडं टाकली, तर कोंबड्यांचं खुराडं. परत आलो, दुसरा फाटा धरला, तर दगडाची खाण. तिसरा धरला, तर कुणाच्या तरी बारशाचा मांडव, त्यांनी पावणं म्हणून जेवायलाच बसवलं. अल्ताफ जिलेबी खात म्हणला, "राजा, तुला ऊन लागलं हुतं. असला रस्ता न्हाय." आयला, माझ्या बुटाला अजून रश्श्याचा वास हाय, आणि म्हणं रस्ता न्हाय! मग ज्ञानूला हुडकून काढला. म्हणलं, "दादा, त्या दिवशी तुम्ही म्हस धरून नेमके कुठं उभे हुता?" तर म्हणला, "ती म्हस इकली की. लई वढत हुती." म्हंजे रस्ता माहीत असलेली एकमेव बाई तीबी गेली!

आता राहिलं कोण? ज्याच्या चुकीनं रस्ता घावला तो माणूस. गेलो कट्ट्यावर. मान खाली घालून म्हणलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही न्हाणीत जे सांगितलं, ते परत एकदा सांगा." म्हणले, "असं कसं सांगू? बसल्या जागी आठवत न्हाय. मला गाडीवर घे, दाखवतो." घेतलं! काय करता? मफलर गुंडाळून, माझ्या शर्टाची मूठ धरून बसले मागं. जेल आलं, चिंचेची डांबरी जागा आली, आणि आबा मागनं वरडले, "आता असं!"

"कसं?"

"आरं, असं! दिसत न्हाय का?"

"आबा, तुम्ही मागं बसलाय! हात माझ्या टाळक्याच्या मागं हाय!"

"मग मान वळवून बघ की!"

मान वळवली. तेवढ्यात फाटा गेला. हुकलो. आणि तुम्हाला सांगतो, हुकलो ते थेट वळणांत! तो रस्ता न्हाय, तिसराच, त्याचा चुलता म्हणा! डावं, उजवं, चढ, उतार, आणि मागं आबा, प्रत्येक वळणाला माझा शर्ट वढून वरडत्यात, "सरळ! आरं सरळ घे!" डोंगर सरळ करून देऊ का आता त्यांच्यासाठी? पण घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी काकीला म्हणले, "पुढच्या रविवारी जरा लौकर चहा कर. ह्याला अजून रस्ता घावला न्हाय." ह्याला!

तवापासनं दर रविवारी असंच. मी पुढं, आबा मागं, हात कुणालाच दिसत न्हाय. दर रविवारी हुकतो, दर रविवारी नवी वळणं घावत्यात, आणि पहिला रस्ता अजून कुठं हाय ते आबांच्या न्हाणीतल्या पालीला माहीत. अल्ताफ आपली गाडी घेऊन मागनं येतोय, का, तर म्हणतोय, "तुमच्या आबांसारखं हुकवायला कुणाला जमत न्हाय, यार!"

जाता-येता कळंब्याच्या रस्त्याला गाडी आपोआप हळू होतीया. पुढं गाड्या लावायला जागा, शेजारी चहाची टपरी. अजून नजर जाईल तिथपर्यंत मेकॅनिक न्हाय. आबा मागनं म्हणत्यात, "अमरसिंहाचं बरं चाललंय की."

गाळा गेला. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळत्यात. एक मी पण घेतलंय.